बंद पडलेला तिळगूळ सामना

कतारमध्ये आम्हा मराठी बायकांचा खो-खोचा एक सामना दरवर्षी व्हायचा. आता होत नाही. का बंद पडला असं कुणी विचारलं की आमच्यातल्या बायका मोकळ्या जागा संपल्या म्हणून सांगतात, वर्ल्डकपच्या बांधकामांना बोल लावतात, कोरोनाला लावतात. साफ खोटं. जागा संपल्यावरही आम्ही खेळलो होतो. सामना बंद पडला तो माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीमुळे, आणि तिनं जे केलं ते माझ्या भल्यासाठी केलं असं ती आजही म्हणते. त्या भल्याचा मला अजून राग येतो.

सुरुवात माझ्याच घरात झाली. आम्ही दोह्यात फरीज बिन ओमरानमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचो. कतारला फुटबॉल वर्ल्डकपचं यजमानपद मिळाल्याची बातमी अजून ताजी होती आणि नवरा रोज ऑफिसातून येऊन आता इथे काय काय बांधणार ते सांगत बसायचा. त्या संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं होतं. ओळखीच्या ओळखीतून दोह्याबाहेरच्या अल खोरहून एक नवी बाई आली. तिचा नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात, राहायला कंपनीच्या कॉलनीत. मूळची सांगलीची. त्या भागातल्या बायका बोलतात तसं "मी आलो", "मी बसतो" असं बोलायची आणि माझ्या चिमुरडीला ते ऐकून हसू आवरेना. बोलता बोलता शाळेचा विषय निघाला. ती खो-खोत जिल्ह्याकडून खेळलेली. मीही नाशिकला शाळेच्या संघात होते, असं मी म्हटलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाशिकची माणसं पळतात व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं नुसता चिवडा खातात."

बाकीच्या बायका खो खो हसल्या. मला मात्र ते झोंबलं. पुढच्याच शुक्रवारी आमच्या बिल्डिंगमागच्या रेताड मैदानात या, मग दाखवते, असं मी म्हणून गेले. ती खरंच आली, कॉलनीतल्या आठ जणींना घेऊन. मी इकडच्या आठ जणी कशाबशा गोळा केल्या. कुणी पुण्याची, कुणी डोंबिवलीची, एक तर आयुष्यात कधी उकिडवी बसलेली नव्हती. नवऱ्यानं तेलाच्या मोठ्या डब्यांत सिमेंट ओतून दोन पाईप उभे केले आणि ते आमचे खांब झाले. सकाळी तिथे पुरुषांचं क्रिकेट चालायचं, त्यामुळे आम्हाला दुपारच्या नमाजानंतर मैदान मिळालं. आम्ही सपशेल हरलो.

त्यानंतर दर संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी सामना ठरूनच गेला. त्याचं नाव तिळगूळ सामना. सामन्याआधी दोन्ही संघ ओळीनं उभे राहायचे, एकमेकींच्या हातावर तिळगूळ ठेवायचे, आणि एकदा तो तोंडात टाकला की फाऊलवरून भांडायचं नाही असा नियम होता. गोड बोला म्हणजे गोड बोला. शिव्या द्यायच्या त्या मनातल्या मनात. सामना संपला की हरलेल्या संघाच्या कप्तानानं जिंकलेल्या कप्तानाला हळदीकुंकू लावायचं आणि वाण द्यायचं. चाळणी, डबा, स्टीलची वाटी, संक्रांतीला आपण जे काही लुटतो त्यातलंच काहीतरी.

दरवर्षी हळदीकुंकू मीच लावायचे. ती सांगलीची बाई एव्हाना माझी सगळ्यात जवळची मैत्रीण झाली होती, ती कपाळ पुढे करून उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "नीट लाव गं, गेल्या साली नाकावर सांडलंस."

कारण तिला बाद करणं कुणालाच जमत नव्हतं. खेळ कळायला इतकंच माहीत असलं तरी पुरे: पाठलाग करणारीला मधेच मागे वळता येत नाही, दिशा बदलायची तर खांबापर्यंत जावं लागतं. म्हणून खरी झुंज खांबापाशी होते. माझी मैत्रीण तिथे यायची, खांदा बाहेर टाकायची, मी बाहेर झेपावायचे, आणि तोवर ती आतून निसटून मधल्या बसलेल्या बायकांतून पलीकडे गेलेली असायची. खांदा बाहेर, पाय आत. मला ते तोंडपाठ होतं. मी घरी सोफ्याभोवती त्याचा सराव करायचे, नवरा पेपर बाजूला करून बघत बसायचा. आणि तरी दर वर्षी तिचा खांदा हलला की माझं अंग आपोआप बाहेर जायचं. हाताला वाळू लागायची.

मला ती एकदा हवी होती. एकदाच, माझ्या हातानं बाद. हे ऐकून हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की नाशिकला मी कॉलेजात शिकवत होते, माझ्या नावाची खुर्ची होती. इथे आल्यावर मी नवऱ्याच्या व्हिसावरची बायको झाले. मुलीच्या शाळेत मी अमकीची आई, ऑफिसच्या पार्टीत अमक्याची मिसेस. वर्षातल्या त्या एका दुपारी मी जे काही करायचे ते माझं असायचं, हरणंसुद्धा. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, फक्त माझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं. अल खोरच्या समुद्रावर, कणसं खाताना. तिनं हातातलं कणीस संपवलं. मग म्हणाली, "मग पकड की मला. मी कुठं न्हाई म्हणतो?"

एका वर्षी नवऱ्याचा अमेरिकन साहेब सामना बघायला आला. घडीची खुर्ची घेऊन आला होता. त्याला खेळ फारसा कळला नाही, पण सामना कशासाठी आहे ते मात्र नेमकं कळलं. त्याच्या देशात कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम संपला की असे एकेकटे सामने होतात म्हणे, थंडीत, कुठल्यातरी उबदार गावात, निमंत्रणावर. त्यांना नावंही संत्र्यांची आणि कापसाची. त्याच्या कॉलेजनं खेळलेला तसा एक सामना पुढे बंद पडला. आधी एका कंपनीनं नाव विकत घेतलं, मग दुसरीनं. मैदान बदललं, तारीख बदलली. पण लोक तरी येत होते, तो म्हणाला. मग चांगले खेळाडू पुढच्या मोठ्या पगाराच्या आशेनं पाय सांभाळून खेळायला लागले. निकालाचं कुणाला काही वाटेना. त्यानंतर दोन-तीन वर्षांत सगळं खलास. हा शेवटचा शब्द त्यानं आमच्या सोयीसाठी अरबीत उच्चारला आणि स्वतःच हसला. मी त्याला तिळगुळाची वडी दिली, ती त्याच्या दाताला चिकटली.

मग शहरच बदलायला लागलं. आमच्या मैदानाभोवती एक दिवस पत्र्याचं कुंपण आलं, आत खड्डा खणला गेला. खांब आम्ही गच्चीवर नेऊन ठेवले. एक वर्ष मुलीच्या शाळेच्या पटांगणात खेळलो, तिथे सिमेंट होतं, गुडघे फुटले. मग दोन वर्षं अल खोरच्या कॉलनीत हिरवळीवर. जाता-येताना हायवेवरून तंबूच्या आकाराचं ते प्रचंड स्टेडियम थोडं थोडं वर येताना दिसायचं, आणि गाडीत आमच्या बायका म्हणायच्या, बघा, यांना एवढी मोठी जागा मिळाली, आपल्याला खो-खोपुरती मिळत नाही. नंतर कोरोना आला. सामना झालाच नाही. कंपनीनं कॉलनीत बाहेरच्यांना बंदी घातली. पुढच्या संक्रांतीसाठीही जागेचं काही जमेना.

तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. वर्ल्डकपला वर्ष उरलं होतं आणि दोह्यात रोज कुठे ना कुठे जत्रा चालू होती. एका इव्हेंट कंपनीला वेगवेगळ्या देशांचे खेळ हवे होते, तासाभराचा कार्यक्रम, दिवे, खोटी हिरवळ, प्रेक्षक. तिच्या ओळखीतून आमचं नाव गेलं होतं.

"डिसेंबरात हाय," ती म्हणाली.

"संक्रांत जानेवारीत असते," मी म्हटलं.

"ते मला म्हाईत न्हाई व्हय? जागा देताहेत, बाई. नायतर यंदाबी घरात बसायचं."

त्यांना आम्ही नऊवारीत खेळायला हव्या होत्या. मी ठणकावून नाही म्हटलं. नऊवारीत खो-खो खेळून दाखवा आधी, मग सांगा. मैत्रिणीनं मध्यस्थी केली, ट्रॅकपँट आणि टी-शर्टवर तोडगा निघाला. डाव निम्म्या वेळेचे करायचे होते, तेही मी मान्य केलं. तिळगूळ मात्र नको म्हटलं. संक्रांतीआधी तिळगूळ कसला? त्यामुळे त्या दिवशी आम्ही नुसते हात मिळवले.

आणि त्या दिवशी मी जिंकले.

शेवटचा डाव होता. आम्ही पाठलागावर, त्यांची एकच खेळाडू उरलेली, माझी मैत्रीण. ती बाद झाली तर आम्ही जिंकणार, वेळ संपली तर त्या. खो माझ्याकडे आला. ती खांबाच्या दिशेनं निघाली, मी मागे. दिव्यांनी डोळे दिपत होते, कुणीतरी ढोल वाजवत होतं. खांबापाशी तिचा खांदा हलला नाही. ती सरळ बाहेरून निघाली, मी झेपावले आणि माझी बोटं तिच्या पाठीला लागली. टी-शर्टचा ओला स्पर्श मला आजही आठवतो. मी तिथेच आडवी पडले आणि मोठमोठ्यानं रडले. माझ्या आठही जणी माझ्या अंगावर पडल्या. नवरा टाळ्या वाजवत होता. घरी जाताना मी गाडीत तोच किस्सा त्याला पुन्हा पुन्हा सांगितला, जणू तो तिथे नव्हताच. तो "हो ना" म्हणत गाडी चालवत राहिला.

काही दिवसांनी इव्हेंट कंपनीनं व्हिडिओ पाठवला. मी तो किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही. भाजी चिरताना लावायचे, इस्त्री करताना लावायचे. नाशिकला आईला पाठवला, भावाला पाठवला. आणि एका दुपारी, माझ्याच कौतुकात बुडालेली असताना, मला पहिल्यांदा माझ्याऐवजी ती दिसली. खांबाजवळ येताना ती बाजूला बघते. तिथे हेडफोन लावलेला एक मुलगा हात वर करून उभा आहे. तो हात खाली आणतो. ती वेग कमी करते. मग मान वळवून मागे बघते, मी किती जवळ आले ते. जिल्ह्याकडून खेळलेली बाई पळताना मागे बघत नाही. मी तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला.

नवरा घरी आल्यावर मी फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं बूट काढले, ते नीट लावून ठेवले, मोजे काढले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अगं, त्या लोकांना शेवट जरा एक्सायटिंग हवा होता," तो म्हणाला. "होम टीम जिंकली पाहिजे, लास्ट मोमेंटला. त्यांची अटच होती. नाहीतर स्लॉट मिळत नव्हता."

"तुला माहीत होतं?"

त्यानं मोजे बुटांत कोंबले. तेवढ्यात मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली. ती आता मोठी झाली होती, मी मराठीत बोलले की इंग्रजीतच उत्तर द्यायची. "आई, एव्हरीवन न्यू," ती म्हणाली, आणि माझा चेहरा पाहून पुढे हळूच म्हणाली, "सॉरी."

सगळ्यांना ठाऊक होतं. अल खोरच्या नऊ जणींना, आमच्या आठ जणींना. ज्या माझ्या अंगावर पडून ओरडत होत्या त्यांनाही. मला तेवढं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मी खेळले नसते, आणि मी रडले तशी रडले नसते. ते रडणं त्या व्हिडिओत सगळ्यात छान आलं होतं. मला नवऱ्याचा राग आला, मुलीचाही आला, पण ते घरचे होते, दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि मग बोलले. मैत्रिणीचा फोन मी उचलणं बंद केलं. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू ठेवलं नाही. आमच्या संघातली एक भेटायला आली आणि एवढं काय मनावर घ्यायचं म्हणाली. मी तिला चहा दिला आणि विषय बदलला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कळलं की मैत्रिणीच्या नवऱ्याचं काम संपलंय आणि ते कायमचे सांगलीला चाललेत. मी एकटीच गाडी घेऊन अल खोरला गेले. तिच्या घरात खोके बांधून ठेवलेले होते, बसायला खुर्ची नव्हती. म्हणून आम्ही समुद्रावर गेलो, फरसबंदीवर. संध्याकाळची हवा जड होती. बाकावर बसलो.

"तू मला फसवलंस," मी म्हटलं. घरून निघताना बरंच काही ठरवलं होतं, पण एवढंच तोंडातून आलं.

"ती अट नसती तरी मी तेच केलं असतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला तवाच कळलं होतं की आमचं जायचं हाय. तूच इथं बसून सांगितलं होतंस, तुला एकदा जिंकायचंय म्हणून. मी जाताना तुला काय देणार होतो? डबा? चाळणी? ते वाण समज माझं."

"वाण हातात देतात," मी म्हटलं. "समोर उभं राहून, हळदीकुंकू लावून. पाठीमागून नाही देत."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं."

"मग?" ती म्हणाली. तिला खरोखरच कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. इतकी वर्षं ती जे मला देत होती ते मला हवं होतं, म्हणजे तिचा खरा वेग, आणि जे मागितलं नव्हतं ते तिनं माझ्या गळ्यात घातलं. माझी हरलेली वर्षंसुद्धा आता मला संशयानं बघावी लागत होती. त्यातलं एखादं तिनं मुद्दाम थोडं सोपं केलं होतं का? तिला विचारायचा धीर झाला नाही.

मी चपला काढल्या. फरसबंदीवर थोड्या अंतरावर दिव्यांचे दोन खांब होते. "ऊठ," मी म्हटलं. "पळ."

"हितं? लोक बघतील की."

"बघू देत. तुला जेवढं येतं तेवढं पळ. तेवढंच मागते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि उठली. आणि पळाली. मला वाटलं होतं त्यापेक्षाही ती जोरात पळाली. पन्नाशीला टेकलेली बाई, साडीत, अनवाणी. पहिल्या खांबापाशी तिचा खांदा बाहेर गेला, माझं अंग बाहेर गेलं, ती आतून निसटली. मला इतका आनंद झाला की मी पळता पळता हसले. बाकावरचं एक कुटुंब आमच्याकडे बघत होतं, त्यांची पोरं ओरडायला लागली. दुसऱ्या खांबापाशीही तेच. मी तिच्या आसपासही नव्हते. हीच ती, मला वाटलं, आता ठीक आहे, आता मी हरते आणि घरी जाते.

पुन्हा पहिल्या खांबाकडे वळताना मला धाप लागली. छातीत कळ आली म्हणून मी क्षणभर वाकले. तिला माझी धाप ऐकू आली असावी. तिनं मान वळवून मागे पाहिलं.

मग ती हळू झाली. चार पावलं चालली आणि थांबली. माझ्याकडे पाठ करून, हात खाली सोडून उभी राहिली, मी येऊन हात लावेपर्यंत. मी चालत तिच्या मागे गेले. पाठ घामानं भिजली होती. माझा हात पुरला असता.

मी मागे फिरले, बाकाखालच्या चपला शोधून घातल्या आणि गाडीकडे निघाले. ती अजून तशीच पाठमोरी उभी होती.